सातबारा घरबसल्या मिळतो, पण त्यातली चूक कोण दुरुस्त करणार?

शिरोळकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि आता 15 रुपये भरले की उतारा मोबाइलवर येतो, याचे मला मनापासून कौतुक आहे. आमच्या शिरोळ तालुक्याने 2005, 2019 आणि 2021 अशा तीन वर्षांचे महापूर अंगावर घेतले आहेत. कृष्णा आणि पंचगंगा एकाच वेळी फुगल्या की नृसिंहवाडी, कुरुंदवाडच्या पट्ट्यात माणसे आणि जनावरे बाहेर काढतानाच दमछाक होते, तेथे ट्रंकेतली खरेदीखते आणि उतारे कोणाच्या ध्यानात राहणार? पूर ओसरल्यावर दोरीवर वाळत घातलेले कागद ज्याने पाहिले आहेत, त्याला सर्व्हरवरच्या नोंदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. त्यामुळे कोणी मला संगणकविरोधी ठरवू नये, एवढी विनंती आधीच करतो.

माझे म्हणणे दुरुस्तीबद्दल आहे. आमच्या घरच्या एका गटाचे, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याचे, क्षेत्र हस्तलिखित उताऱ्यावर 0 हेक्टर 48 आर होते. संगणकीकृत उताऱ्यावर ते 0.04.80, म्हणजे चार आर ऐंशी चौरस मीटर असे उतरले. शेत जागेवर आहे, बांध जागेवर आहे, उसाला पाणीही तेवढेच लागते; कागदावर मात्र जमीन एक दशांश राहिली. विकास सेवा संस्थेचे, म्हणजे गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचे, कमाल मर्यादा पत्रक (कोणाला किती कर्ज द्यायचे ती यादी) उताऱ्यावरच्या क्षेत्रावरून ठरते, म्हणून पीककर्जही त्याच हिशेबाने खाली आले. गंमत अशी की त्याच उताऱ्यावर आकार, म्हणजे शेतसाऱ्याची रक्कम, पूर्वीइतकाच आहे. चूक कोणाच्याही डोळ्यांना दिसावी इतकी ढोबळ आहे, आणि तरीही ती दुरुस्त करण्यासाठी गावातून तालुक्याला, तालुक्यातून पुन्हा गावाला असे फिरावे लागत आहे. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच मिळते की ‘सिस्टीममध्ये आमच्या हातात नाही.’

शासनाने नक्कल देण्याचे काम खरोखर सोपे केले. नोंद बरोबर करून घेण्याचे काम मात्र पूर्वीइतकेच, किंबहुना थोडे अधिकच अवघड झाले आहे, असे माझे मत आहे. जाणकारांनी यावर लिहावे.

निवृत्त_महसूल

शिरोळकाठ, आपले उदाहरण वाचून आश्चर्य वाटले नाही. अशा चुका कशा शिरल्या ते सांगतो, कारण त्याचा थोडाबहुत साक्षीदार मीही आहे.

हस्तलिखित सातबारावरून माहिती भरण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले आणि ते बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या डेटा एंट्री करणाऱ्या मुलांनी केले. त्यांना ‘पोटखराब’ म्हणजे काय, ‘आणेवारी’ म्हणजे काय, इतर हक्कातील कूळ कोण, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जुन्या उताऱ्यांवर कंसातली नावे, खोडलेल्या ओळी, समासात बारीक अक्षरात लिहिलेले फेरफार (म्हणजे नोंदीतील बदल) क्रमांक आणि काही ठिकाणी एकर-गुंठ्यांतली क्षेत्रे होती. त्यातून जे तयार झाले ते तपासण्यासाठी आधी एडिट आणि मग री-एडिट अशी सोय देण्यात आली, आणि 2017 मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. खातेदारांनी चावडीत बसून आपला उतारा ऐकावा आणि चूक असल्यास तेथेच सांगावी, असा हेतू होता. कल्पना उत्तम होती. पण ज्या घरातले कर्ते पुरुष इचलकरंजीला कारखान्यात किंवा मुंबईला नोकरीत, त्या घरातून चावडीवर कोण येणार?

आता आपल्या चुकीविषयी. संगणक एक गोष्ट काटेकोरपणे तपासतो, ती म्हणजे खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळते की नाही. जुळत नसेल तर तो गट विसंगतीच्या अहवालात येतो आणि तलाठ्याला तो निस्तरावाच लागतो. आपल्या गटात बहुधा एकच खातेदार असावा. एकूण क्षेत्रही चुकीचे आणि खातेदाराचे क्षेत्रही तितकेच चुकीचे असेल, तर बेरीज अचूक जुळते आणि तो गट निर्दोष म्हणून पुढे जातो. आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा एकत्रित उतारा, काढून पडताळावे म्हटले, तर तोही त्याच माहितीतून तयार होतो, त्यामुळे तो त्याच चुकीची री ओढतो. पूर्वी तलाठ्याचे दप्तर, सोसायटीकडची जुनी नक्कल आणि खातेदाराच्या घरचा उतारा ही तीन स्वतंत्र कागदपत्रे असत आणि एकाची चूक दुसऱ्यावरून पकडता येई. आज सगळ्यांच्या हातात एकाच नोंदीच्या छापील प्रती आहेत.

‘आमच्या हातात नाही’ हे उत्तर ऐकायला उद्धट वाटते, पण ते बरेचसे खरे आहे. प्रमाणित झालेल्या उताऱ्यात तलाठ्याने, म्हणजे 2024 पासूनच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याने, परस्पर आकडा बदलावा असे आपल्यालाही चालणार नाही. आज आपला आकडा वाढवणारा उद्या शेजाऱ्याचा कमी करील. म्हणूनच लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकीची, दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदारांच्या आदेशाने होते, त्या आदेशाचा फेरफार धरला जातो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. वाट लांबची आहे, पण ती लांब असण्यामागे कारण आहे.

गंगावेस

निवृत्त_महसूल साहेब, कारण मान्य आहे, पण एका गोष्टीत मी आपल्याशी सहमत नाही. मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे थोडे तांत्रिक बोलतो. बदलाचा अधिकार तालुक्याला असणे ही सुरक्षितता झाली; परंतु चूक शोधण्याचे काम सर्वस्वी खातेदारावर टाकणे ही सुरक्षितता नव्हे. शिरोळकाठ यांनी स्वतःच सांगितले आहे की क्षेत्र एक दशांश झाले आणि आकार मात्र तोच राहिला. एखाद्या गावातल्या सर्व गटांच्या क्षेत्राचे आणि आकाराचे गुणोत्तर काढले, तर असे विजोड गट एका झटक्यात वेगळे दिसतील. बागायत, जिरायत आणि प्रतवारी यांमुळे गुणोत्तरे वेगवेगळी येतील हे खरे. पण दहापट फरक प्रतवारीने पडत नाही. त्या यादीवरून कार्यालयाने आपणहून खातेदाराला नोटीस पाठवावी. कलम 155 मध्ये महसूल अधिकाऱ्याच्या तपासणीत आढळलेल्या चुकीचीही तरतूद आहे ना? मग चूक खातेदारानेच आणून दाखवावी, हा हट्ट कशासाठी?

आपल्याकडे संगणकीकरण म्हणजे ‘नागरिकाला पोर्टल दिले’ असे समीकरण रूढ झाले आहे. कार्यालयाने हाताशी असलेली माहिती स्वतः वापरून स्वतःचे काम तपासणे हा संगणकाचा अधिक मोठा उपयोग आहे, आणि त्याचे उद्घाटन करता येत नसल्यामुळे तो कोणाला सुचत नसावा.

निवृत्त_महसूल

तरतूद आहे. खातेदाराने चूक मान्य केलेली असावी, किंवा अधिकाऱ्याच्या तपासणीत ती दिसून आलेली असावी; दुसऱ्या प्रकारात संबंधितांना नोटीस देऊन, हरकती ऐकून मगच दुरुस्ती करता येते. आपण म्हणता तशी यादी काढणे अशक्य नाही. प्रश्न असा आहे की एका सज्जात, म्हणजे एका तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात, अनेक गावे, त्यात पंचनामे, निवडणूक, वसुली आणि योजनांच्या याद्या, हे सगळे करणारा माणूस एकच असतो. मात्र आपला मुद्दा मी खोडून काढत नाही.

वारणाकाठ

या चर्चेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्याच एका प्रयोगाचा उल्लेख कसा आला नाही, याचे नवल वाटते. आज डिजिटल गाव वगैरे शब्द सर्रास कानावर पडतात, परंतु वारणानगरला 1998 मध्येच ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला होता. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे 70 गावांत संगणक केंद्रे उभारून ती वारणेच्या सहकारी कारखान्याशी आणि इतर संस्थांशी जोडायची, असा तो बेत होता. केंद्र शासन, राज्य शासन आणि सहकार असे तिघांचे त्यात अंग होते. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या जाळ्यामुळेच हे गाव त्यासाठी निवडले गेले, हे उघड आहे. शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना, जमिनीचे उतारे, सगळे गावातल्या केंद्रावर मिळेल, असे चित्र त्या वेळी रंगवले गेले होते.

प्रत्यक्षात काय झाले, तर शेतकरी केंद्रावर उसासाठी जात राहिला. आपल्या लागणीची नोंद झाली का, तोड कधी मिळणार, वजनकाट्यावर टनेज किती भरले, खात्यावर खत किती उचलले गेले, या गोष्टी तो विचारी, आणि त्या त्याला तेथे चोख मिळत. पीकसल्ला आणि इंटरनेट यांच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. केंद्रावरच्या संगणकाऐवजी शेतकऱ्याने साध्या मोबाइलवरून ठरावीक सांकेतिक मजकूर एसेमेसने पाठवायचा आणि त्याच्या उसाची माहिती त्याला एसेमेसनेच परत मिळायची. संगणक जे काम करत होता ते सगळे या साध्या फोनने केले, शिवाय खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते अधिक सोयीचे वाटले.

मी हे लांबण लावले, कारण या प्रयोगाचे दोन अर्थ मला दिसतात. एक म्हणजे माणसाला नेमके काय हवे ते त्याच्या व्यवहारावरून ठरते, प्रकल्पाच्या अहवालावरून नाही. दुसरा अर्थ शिरोळकाठ यांच्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे. उसाच्या टनेजचा आकडा चुकला तर शेतकरी गटकार्यालयात जाऊन हुज्जत घालू शकत असे, कारण काट्याची पावती त्याच्या खिशात असे आणि समोरचा माणूस ओळखीचा असे. कारखान्याचा तो सभासद होता, संचालक मंडळ त्याच्या मतांवर निवडून येत होते. त्यामुळे माहिती संगणकावर गेली तरी तिला जाब विचारण्याची जागा गावातच उरली. महसुलाच्या संगणकीकरणात ती जागा गेली आहे.

अर्थात कारखान्यांच्या काट्यांवर शेतकऱ्यांचा विश्वास किती, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे आणि तो येथे उघडू नये.

निपाणीचा_पाहुणा

आमच्याकडची स्थिती सांगतो. कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाखाली सुमारे 2 कोटी नोंदींचे संगणकीकरण 2000 च्या सुमारास झाले आणि त्यानंतर हस्तलिखित पहाणी पत्रक (तिकडचा सातबारा) ग्राह्य धरणेच बंद करण्यात आले. तेव्हा त्या उताऱ्याचे शुल्कही 15 रुपयेच होते. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, मधला अर्ज उचलून पुढे घ्यायचा नाही, असे बंधन सॉफ्टवेअरमध्येच घातले होते, आणि कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच काम करता येत होते. कोणी कोणता बदल केला हे नोंदले जात असल्यामुळे वशिल्याला थोडातरी आळा बसला. तक्रार अशी होती की पूर्वी गावात मिळणारा कागद तालुक्याला जाऊन घ्यावा लागू लागला. शिवाय सीमाभागातल्या आमच्या घरांतल्या जुन्या मंडळींना कन्नड उतारा वाचता येत नाही, त्यामुळे त्यात चूक आहे की नाही हे कळायलाच दुसरा माणूस लागतो. पण ते दुखणे जुने आहे.

केंद्रचालक_गगनबावडा

मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने लिहितो. लोकांना वाटते की आम्ही सरकारचे माणूस आहोत आणि सरकारला वाटते की आम्ही खासगी आहोत. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्न, रहिवास, जात आणि नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांसाठी रांग लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत सर्व्हर गोगलगाय होतो. पालक माझ्यावर चिडतात, आणि त्यांचेही चुकते असे म्हणवत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये झाला. त्यात प्रत्येक सेवेला मुदत आहे, प्रथम आणि द्वितीय अपील आहे, वर आयोग आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. मात्र मुदत मोजली जाते ती सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. मुदत संपत आली की ‘त्रुटी पूर्तता करावी’ एवढाच शेरा मारून अर्ज माझ्या लॉगिनला परत येतो. नेमकी त्रुटी काय, ते पुष्कळदा लिहिलेले नसते. मी शिधापत्रिका पुन्हा स्कॅन करतो, तोच कागद तसाच परत पाठवतो आणि या वेळी तो मंजूर होतो. अहवालात मात्र सगळे अर्ज मुदतीत निकाली निघालेले दिसतात. अपिलाचा हक्क पोर्टलवर आहे, पण धनगरवाड्यावरून आलेल्या म्हातारीला मी अपील कर म्हणून सांगू, की तिची शेवटची एसटी जाण्याआधी कागद पुन्हा चढवू?

ई-पीक पाहणीचेही थोडे सांगतो. 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो घ्यायचा, अशी पद्धत राज्यभर आली. चावडीत बसून नमुना 12, म्हणजे सातबारातला पिकांचा भाग, भरण्यापेक्षा हे कितीतरी खरे आहे, याबद्दल दुमत नाही. पण आमच्याकडे खरिपाच्या नोंदणीचे दिवस म्हणजे धुवाधार पावसाचे दिवस, आणि भाताच्या खाचरात रेंज नसते. ज्याच्या घरी शिकलेला मुलगा आहे त्याची नोंद होते. नाही त्याची राहून जाते, आणि पुढे नुकसानभरपाईच्या वेळी उताऱ्यावर पीक दिसत नाही म्हणून तोच माणूस माझ्या काउंटरवर येतो. रेशनच्या ई-पॉस मशीनवर अंगठा उठत नाही म्हणून येणारे वेगळेच. आयुष्यभर माती उपसलेल्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात.

जुना_दप्तरी

थोडा इतिहास. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये करवीर संस्थानातली कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. तोपर्यंत गावाचे दप्तर वंशपरंपरेने एका घरात राहत असे आणि नोंद काय आहे हे त्या घरालाच ठाऊक असे. महाराजांनी दप्तर सांभाळणारा माणूस नेमणुकीचा आणि बदलीचा केला, म्हणजेच वरिष्ठांना त्याला जबाबदार धरता येऊ लागले. आजच्या सुधारणेने कागद बदलला. पण नोंदीबद्दल जबाबदार कोण, हे मात्र अधिक धूसर झाले. तलाठी म्हणतो सर्व्हर, सर्व्हरवाले म्हणतात डेटा एंट्री, आणि डेटा एंट्री करणारी एजन्सी केव्हाच निघून गेलेली असते.

गंगावेस

जुना_दप्तरी, तुलना रोचक आहे, मात्र 1918 चा निर्णय निव्वळ दप्तराच्या व्यवस्थेचा नव्हता. गावगाड्यातली सत्ता एका जातीच्या हातातून काढण्याचा तो निर्णय होता, आणि त्याला विरोधही त्याच कारणाने झाला. म्हणजे सुधारणा टोचली, कारण तिने कोणाचा तरी अधिकार काढून घेतला. आजचे पोर्टल कोणालाच टोचत नाही, यावरूनच त्याने काय बदलले आणि काय बदलले नाही ते कळते.

शिरोळकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. चर्चेतून माझे मत थोडे नेमके झाले आहे. आकडा बदलण्याचा अधिकार तलाठ्याकडे नको, हे निवृत्त_महसूल यांचे म्हणणे मला पटले. त्याच वेळी गंगावेस म्हणतात त्याप्रमाणे विजोड गट कार्यालयाने आपणहून शोधले पाहिजेत, भूमीप्रमाणे अर्जाचा क्रम पाळला गेला पाहिजे, आणि अर्ज परत पाठवताना कोणता कागद, कोणत्या कारणाने अपुरा, हे लिहिल्याशिवाय तो परत पाठवण्याचे बटणच चालू नये. या तीनपैकी एकाही गोष्टीला नवे ॲप लागत नाही. ‘आपली चावडी’वर फेरफाराच्या नोटिसा घरबसल्या दिसतात, वारस नोंदीचा किंवा बोजाचा अर्ज ई-हक्कवरून करता येतो, ज्यांनी हे करून दाखवले त्यांना उरलेलेही जमेल.

निवृत्त_महसूल यांना एक व्यावहारिक प्रश्न आहे. कलम 155 च्या अर्जासोबत नेमके काय जोडावे? प्रत्येक जण वेगळे सांगतो.

निवृत्त_महसूल

सर्वांत आधी हस्तलिखित सातबाराची प्रमाणित नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून काढा, आणि ज्या वर्षापर्यंत क्षेत्र बरोबर होते त्या वर्षाचाच उतारा मागा. गटाचे क्षेत्र ज्या फेरफाराने कायम झाले त्याची नक्कल सोबत असू द्या. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत वजनदार कागद म्हणजे उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडचा आकारबंद. तो मोजणी खात्याचा असल्यामुळे डेटा एंट्रीची चूक त्यात पाझरलेली नसते, आणि त्यात क्षेत्र व आकार दोन्ही शेजारी शेजारी असतात. आपल्या उताऱ्यावर आकार तोच राहिला आहे, ही बाब अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा. पुष्कळ जण प्रतिज्ञापत्रावर पैसे घालतात आणि ही एक ओळ विसरतात. चालू संगणकीकृत सातबारा आणि आठ-अ जोडा. अर्ज टपालात देऊन तसेच परतू नका, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. आदेश झाल्यावर त्याची प्रत तलाठ्याकडे पोहोचली का ते पाहा, कारण आदेश होऊनही फेरफार न धरल्यामुळे अडकलेली प्रकरणे मी पाहिली आहेत. फेरफार प्रमाणित झाल्यावर नवा उतारा काढून सोसायटीच्या सचिवांना द्या आणि कमाल मर्यादा पत्रक सुधारून मागा. ते आपोआप सुधारत नाही.